लिनक्सवर लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते? बंद करायची गोष्ट बहुतेक वेळा एकच असते

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप तेव्हापासून उबुंटू, लिनक्स मिंट किंवा फेडोरा या लिनक्सच्या अवतारांकडे वळले आहेत. हे चांगलंच झालं. पण नव्याने आलेल्यांची एक तक्रार सतत कानावर येते: स्क्रीन मध्येच लुकलुकते. वाचत बसलं की क्षणभर काळी होते, किंवा खालच्या भागात एक पट्टा थरथरतो.

मग शोधाशोध होते, कुठेतरी एक ओळ सापडते, ती डोळे मिटून चिकटवली जाते आणि लुकलुक खरंच थांबते. दोन दिवसांनी लक्षात येतं की पंखा थांबतच नाही, मांडीला चटका बसतो, व्हिडिओ अडखळतो आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. रोगापेक्षा औषध भयंकर. हे टाळता येतं. लुकलुकण्यामागे बहुतेक वेळा वीज वाचवणारी एखादी छोटी सोय असते. तेवढीच बंद केली तर लॅपटॉप तापत नाही आणि मंदही होत नाही. अख्खी यंत्रणा बंद करणारा उपाय केला, तर मात्र दोन्ही होतं.

एक सूचना आधीच. पुढे आलेल्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. लॅपटॉपवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

## चित्र पडद्यापर्यंत पोचतं कसं

साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट धरले, तर एका चित्राचे जवळपास ८३ लाख बाइट होतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणून मेमरीतून पडद्याकडे दर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट वाहत असतात. तुम्ही एकच पान शांतपणे वाचत असाल, काहीही हलत नसेल, तरीही. कारण साध्या पॅनेलला स्वतःची स्मरणशक्ती नसते. तेच चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात पुन्हा मिळालं नाही, तर त्याच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

पंगतीत वाढपी दर फेरीला प्रत्येक पानापाशी थांबतो, पान भरलेलं असो वा नसो, तसं हे आहे. यात वीज वाया जाते. म्हणून पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने २०११ मध्ये लॅपटॉपच्या आतल्या पडद्यासाठी असलेल्या ईडीपी जोडणीच्या १.३ आवृत्तीत एक सोय आणली: पॅनेल सेल्फ रिफ्रेश, थोडक्यात पीएसआर. पॅनेलमध्येच थोडी मेमरी बसवली, शेवटचं चित्र तिथे ठेवलं. चित्र बदलत नाही तोवर पॅनेल स्वतःच्या प्रतीवर भागवतं आणि ग्राफिक्स चिप व मधली जोडणी डुलकी काढतात. पान भरलेलं आहे ना, मग वाढप्याने जरा टेकायला हरकत नाही.

अडचण येते ती त्याला उठवताना. तुम्ही एक अक्षर टाइप केलं की जोडणी जागी व्हायला हवी, दोन्हीकडचा ताल जुळायला हवा आणि नवं चित्र वेळेत पोचायला हवं. जागं व्हायला किती वेळ लागेल याची माहिती पॅनेल आणि लॅपटॉपचं फर्मवेअर (चिपेतच बसवलेला मूळ प्रोग्रॅम) ड्रायव्हरला, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या लिनक्समधल्या प्रोग्रॅमला, देतात. ती माहिती चुकीची असली किंवा ड्रायव्हरने तिचा अर्थ वेगळा लावला, की एखाद्या फेरीला पान रिकामं राहतं. आपल्या डोळ्यांना दिसते ती हीच लुकलुक.

## आधी दोष कुठला ते पाहा

कोणतीही आज्ञा देण्याआधी यावर वेळ घालवा. लॅपटॉप सुरू करून बायॉसच्या, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पडद्यात जा आणि दोन-तीन मिनिटं तिथेच थांबा. तिथेही लुकलुकत असेल तर लिनक्सचा संबंध नाही, कारण ते अजून सुरूच झालेलं नाही. झाकण हळूच पुढेमागे करून पाहा. ठराविक कोनात थरथर वाढत असेल तर बिजागरीतून जाणारी पडद्याची केबल सैल किंवा झिजलेली आहे. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

बायॉसमध्ये सगळं ठीक असेल तर लुकलुक चालू असताना स्क्रीन रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमध्ये ती दिसली तर दोष चित्र रचणाऱ्या भागात आहे: डेस्कटॉपमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या रंगकामात. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि पडदा मात्र थरथरता असेल, तर चित्र नीट तयार होतंय आणि पॅनेलपर्यंतच्या वाटेत बिघडतंय. बाहेरचा मॉनिटर जोडून तो शांत राहिला, तर संशय आणखी पक्का होतो.

आता पीएसआर ओळखायची खूण. लुकलुक पडदा स्थिर असताना येते का? टाइप केलेलं अक्षर माउस हलवेपर्यंत दिसतच नाही, असं होतं का? असेल तर पडद्याच्या एका कोपऱ्यात लहान खिडकीत कुठलाही व्हिडिओ चालू ठेवा आणि बाकीच्या भागात वाचत बसा. व्हिडिओमुळे चित्र सतत बदलतं, त्यामुळे जोडणीला डुलकी घ्यायची संधीच मिळत नाही. व्हिडिओ चालू असेपर्यंत लुकलुक गायब आणि थांबवताच पुन्हा हजर, असं झालं तर चोर सापडला असं समजायला हरकत नाही. ही परीक्षा मला फार आवडते, कारण तिच्यात लॅपटॉपची एकही सेटिंग बदलावी लागत नाही.

फक्त उजेड कमी केल्यावर लुकलुक जाणवत असेल, डोळे दुखत असतील आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसत असतील, तर ते वेगळं प्रकरण. काही पॅनेल मागचा दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात. ती पॅनेलची रचनाच आहे. उजेड थोडा वर ठेवून डोळ्यांना आराम द्यायचा, ड्रायव्हरशी झटापट करायची नाही.

## बदल फक्त एका वेळेपुरता करून बघा

आधी ड्रायव्हर कोणता ते पाहू. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’, मग जागा, मग उणे चिन्ह आणि ‘के’ असं लिहा. जी यादी येईल तिच्यात व्हीजीए किंवा डिस्प्लेच्या नोंदीखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचं नाव असतं. इंटेलच्या बहुसंख्य लॅपटॉपवर ते ‘आय९१५’ दिसेल. हे नाव २००४ च्या इंटेल ९१५ चिपसेटवरून आलं. चिपा बदलत गेल्या, नाव राहिलं. २०२४ च्या लुनर लेकपासूनच्या नव्या इंटेल चिपांवर ‘एक्सई’ असं नवं नाव दिसतं.

आता लॅपटॉप पुन्हा सुरू करा. कंपनीचं बोधचिन्ह दिसताच एस्केप एकदाच दाबा. जुन्या पद्धतीच्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरा. ग्रबची यादी येईल. ग्रब म्हणजे लिनक्सला सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. पहिली नोंद निवडलेली असताना ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी जा, एक जागा सोडा आणि हे लिहा: ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=१’. मध्ये टिंब आहे, एनेबल आणि पीएसआरच्या मध्ये अंडरस्कोअर आहे, बरोबर चिन्हाच्या आजूबाजूला जागा नाही. मग कंट्रोल आणि एक्स एकत्र दाबा.

एक का, शून्य का नाही? पीएसआरच्या दोन पिढ्या आहेत. पहिलीत पूर्ण चित्राची प्रत ठेवली जाते, दुसरीत चित्राचा बदललेला तुकडाच पाठवला जातो. दुसरी जास्त वीज वाचवते आणि जास्त नाजूकही आहे. एक लिहिलं की दुसरी बंद होते, पहिली चालू राहते. एवढ्यावर लुकलुक थांबली तर उत्तम, थोडी तरी बचत हातात राहिली. नाही थांबली तर पुन्हा सुरू करून त्याच जागी शून्य लिहा. नव्या एक्सई ड्रायव्हरवर आय९१५ च्या जागी एक्सई लिहायचं, बाकी तसंच.

असा बदल त्या एका सुरुवातीपुरताच टिकतो. काही बिनसलं तर लॅपटॉप बंद करून चालू करा, सगळं जुन्या स्थितीत. म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिली चाचणी नेहमी इथेच करा, फाइलमध्ये नाही.

एक-दोन दिवस वापरून समाधान झालं की मग तो कायम करायचा. उबुंटू, मिंट आणि डेबियनवर ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. ती ‘सुडो नॅनो’ने उघडा. ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द जिथे अवतरणचिन्हांत आहेत, तिथे त्यांच्यानंतर, पण अवतरण बंद होण्याआधी, तोच मजकूर जोडा. जतन करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. फेडोरावर याच कामासाठी ‘ग्रबी’ ही आज्ञा आहे. पुन्हा सुरू केल्यावर ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ लिहून खात्री करा. तुमची ओळ तिथे दिसायला हवी, आणि ती अक्षर न् अक्षर तपासून घ्या. स्पेलिंग चुकलं तर लिनक्स अडवत नाही, ती ओळ सोडून पुढे जातं, आणि आपण उगाच समजतो की उपाय लागू पडला नाही.

## मग लॅपटॉप तापवणारे उपाय कोणते

सगळ्यात जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘नोमोडसेट’. पडदा अजिबात दिसत नसताना लिनक्स बसवण्यापुरता तो खरोखर उपयोगी आहे. पण कायमचा ठेवला तर ग्राफिक्स ड्रायव्हर आपलं काम हाती घेतच नाही. मग खिडक्या, सावल्या, व्हिडिओ, सगळं रंगवायचं काम मुख्य प्रोसेसरवर येतं. २०,७३,६०० ठिपके, सेकंदाला ६० वेळा: हलत्या पूर्ण पडद्यासाठी दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपके, तेही अशा कामासाठी न घडवलेल्या चिपकडून. तापणारच. शिवाय उजेड कमी-जास्त करणं आणि बाहेरचा मॉनिटर, दोन्ही बहुधा बंद पडतात.

तुमच्या लॅपटॉपवर असं झालंय का हे पाहणं सोपं आहे. ‘ग्लक्सइन्फो’ (अक्षरं जी-एल-एक्स-आय-एन-एफ-ओ), मग जागा, उणे चिन्ह आणि मोठ्या लिपीतलं ‘बी’ लिहा. ही आज्ञा नसेल तर मेसा-युटिल्स हे पॅकेज घ्या. उत्तरात रेंडररच्या पुढे इंटेल किंवा एएमडीचं नाव असेल तर ठीक. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असं दिसलं, तर सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो आहे. कधीकाळी चिकटवलेली नोमोडसेटची ओळ शोधून काढून टाका.

दुसरा उपाय ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’. हा जास्त फसवा आहे, कारण तो कधीकधी खरंच लागू पडतो. प्रोसेसरला काम नसतं तेव्हा तो झोपेच्या पायऱ्या उतरतो, त्यांना सी-स्टेट म्हणतात. ही ओळ त्याला पहिल्याच पायरीवर रोखून धरते. इंटेलच्या बे ट्रेल चिपांचे लॅपटॉप गोठून जायचे, त्या काळात ती गाजली. सगळं यंत्र अर्धवट जागं राहिल्यामुळे पडद्याकडे जाणारा डेटाही उशीर करत नाही, म्हणून लुकलुक थांबल्यासारखी वाटते. पण एका वाढप्याच्या डुलकीसाठी अख्ख्या घराला रात्रभर जागवण्यातला हा प्रकार आहे. रिकामा बसलेला लॅपटॉपही गरम राहतो. वेगही घटतो: बाकीचे कोर गाढ झोपले की कामाच्या कोरला टर्बो वेग घ्यायला जास्त मोकळीक मिळते, आणि इथे कोणी झोपतच नाही.

याच जातीचे आणखी दोन सल्ले आहेत. प्रोसेसर कायम ‘परफॉर्मन्स’वर ठेवा हा एक, आणि एएमडीच्या ग्राफिक्सचा वेग जबरदस्तीने ‘हाय’वर ठेवा हा दुसरा. चाचणी म्हणून पाच मिनिटं करून बघायला हरकत नाही, त्यातून वेग बदलतानाच लुकलुकतं का हे कळतं. कायमचे ठेवू नका.

पीएसआर शून्य करूनही लुकलुक उरली, तर कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी बघा. ‘सुडो डीमेसेज’च्या (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) उत्तरात ‘फिफो अंडररन’ असे शब्द दिसले, तर पडद्याला डेटा वेळेत मिळत नाही असा अर्थ. तेव्हा ‘आय९१५.एनेबल_डीसी=०’ आजमावून पाहता येईल. याने डिस्प्ले भागाची गाढ झोप बंद होते. बॅटरीला हे पीएसआरपेक्षा जड जातं, म्हणून ते शेवटी.

## एएमडी किंवा एनव्हीडिया असेल तर

एएमडीवर पीएसआर बंद करायची ओळ ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’ अशी आहे. ग्रबमध्ये घालायची पद्धत तीच. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सवर मोठी पांढरी चमक किंवा विस्कटलेले चौकोन येत असतील, तर ‘एएमडीजीपीयू.एसजी_डिस्प्ले=०’ करून बघा. याने पडद्याचं चित्र विखुरलेल्या मेमरीऐवजी ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेल्या मेमरीत राहतं. दोन्ही एकदम घालू नका, नाहीतर गुण कोणाचा ते कळणार नाही. आणि बॅटरीवर असतानाच पडद्याचा उजेड व रंग आपोआप वरखाली होत असतील, तर ती पॅनेलची वीज वाचवणारी वेगळी सोय आहे. ‘एएमडीजीपीयू.एबीएमलेव्हल=०’ ने ती थांबते.

एनव्हीडियाची गोष्ट निराळी. वेलँडवर (खिडक्या पडद्यावर मांडायची लिनक्सची नवी पद्धत) खिडक्या लुकलुकणं, टाइप केलेली अक्षरं मागेपुढे दिसणं हा पॅनेलचा दोष नव्हता. चित्र तयार झालं का, हे एनव्हीडियाचा ड्रायव्हर आणि डेस्कटॉप एकमेकांना स्पष्ट सांगत नव्हते. २०२४ मध्ये ड्रायव्हरच्या ५५५ मालिकेत ‘एक्स्प्लिसिट सिंक’ आलं, त्याच सुमारास प्लाझ्मा (केडीईचा डेस्कटॉप) ६.१ आणि एक्सवेलँड (जुने प्रोग्रॅम वेलँडवर चालवणारा भाग) २४.१ मध्येही आलं. त्यामुळे इथे ग्रबमध्ये काही शोधू नका. ड्रायव्हर आणि डेस्कटॉप दोन्ही त्यापुढचे आहेत ना, एवढं पाहा. जुन्या कार्डाला नवा ड्रायव्हर चालत नसेल तर लॉगिनच्या वेळी एक्स११ चं, म्हणजे वेलँडच्या आधीच्या पद्धतीचं, सत्र मिळत असेल तर ते निवडा.

## ‘पीएसआर बंद केलं तर वेग कमी होणार नाही का?’

नाही. आपण वर काढलेला आकडा पुन्हा बघा: फुल एचडी पडद्यासाठी सेकंदाला सुमारे ०.५ जीबी. डीडीआर४ ३२०० मेमरीच्या दोन पट्ट्या लावलेल्या लॅपटॉपची कमाल क्षमता सेकंदाला ५१.२ जीबी आहे. म्हणजे जेमतेम १ टक्का. शिवाय तुम्ही काही काम करत असता, चित्र हलत असतं, तेव्हा पीएसआर तसंही बाजूलाच असतं.

बॅटरीवर मात्र परिणाम होतो, आणि तो लपवायचं कारण नाही. पडदा चालू आणि चित्र स्थिर, अशा वेळी आता मेमरी व ग्राफिक्सला पूर्ण झोप मिळत नाही. दिवसभर वाचन करणाऱ्याला बॅटरी थोडी लवकर उतरल्याचं जाणवेल. लॅपटॉप स्लीपमध्ये असताना काहीच फरक नाही, कारण तिथे पडदाच बंद असतो.

## ‘नोंदीत “डेंजरस” असं लिहून येतं, काही बिघडेल का?’

आय९१५ ची ही सेटिंग बदलली की कर्नेल नोंदीत ‘डेंजरस ऑप्शन’ असं लिहितो आणि स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारून घेतो. घाबरू नका. पुढे कोणी दोष कळवला, तर सेटिंग नेहमीची नव्हती हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळावं, यासाठी तो शिक्का आहे. पॅनेलला यातून इजा होत नाही. पीएसआर येण्याआधीचे सगळे लॅपटॉप असेच चालत होते.

## ‘विंडोजवर तर कधी लुकलुकलं नाही!’

खरं आहे, आणि ही तक्रार रास्त आहे. बहुतेक कंपन्या लॅपटॉपचं मॉडेल बाजारात आणताना ते विंडोजवर तपासतात. पॅनेलने चुकीची वेळ सांगितली तरी तिथे ती सांभाळून घेतलेली असते. लिनक्सचा ड्रायव्हर मानकानुसार मिळालेल्या माहितीवर चालतो, आणि कुठलं पॅनेल खोटं बोलतं हे कोणीतरी कळवल्याशिवाय त्याला समजत नाही. अशा विचित्र वागणाऱ्या उपकरणांसाठी कर्नेलमध्ये खास अपवाद लिहून ठेवलेले असतात. ते वाढतात ते तुमच्या-आमच्यासारख्यांनी दोष नोंदवल्यामुळेच. इंटेल आणि एएमडी, दोन्ही ड्रायव्हरांच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर घेतल्या जातात. लॅपटॉपचं मॉडेल, कर्नेलची आवृत्ती, डीमेसेजची नोंद आणि कोणत्या ओळीने फरक पडला, एवढं लिहिलं तरी त्यांच्या कामाचं आहे. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं.

## तापतंय की नाही, हे मोजून ठरवा

पंख्याच्या आवाजावर विसंबू नका. खोलीतल्या उकाड्यानेही तो वाढतो, एप्रिलच्या नागपुरात तर वाढणारच. बदल करण्याआधी चार्जर काढा, उजेड ठराविक ठेवा, सगळे प्रोग्रॅम बंद करून दहा मिनिटं थांबा. मग ‘सेन्सर्स’ आज्ञेने तापमान आणि ‘अपॉवर’च्या (यू-पॉवर, सलग) तपशिलातला ‘एनर्जी-रेट’, म्हणजे किती वॅट खर्च होतात, हे वहीत लिहा. बदलानंतर त्याच खोलीत, त्याच उजेडावर पुन्हा मोजा. वॅट थोडे वाढले आणि तापमान जवळपास तेच राहिलं, तर बरोबर जागी हात घातलात. रिकाम्या लॅपटॉपचं तापमान एकदम चढलं, तर ती ओळ काढून दुसरा मार्ग धरा.

कधीकधी कुठलीच ओळ लागत नाही. तेव्हा नवं कर्नेल हाच रस्ता. उबुंटू २४.०४ मूळ ६.८ कर्नेलसह आलं, तर २४.०४.३ मध्ये ६.१४ मिळतं. बसवण्याआधी नव्या आवृत्तीचा लाइव्ह (न बसवता चालणारा) पेनड्राइव्ह लावून तासभर काम करा, लुकलुक गेली का ते तिथेच दिसेल. उलटही घडतं: अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचं कर्नेल असतं, ते निवडून खात्री करा.

आणि पीएसआरची ओळ घातली असेल, तर मोठं कर्नेल अपडेट आलं की ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून ती त्या एका वेळेपुरती पुसून बघा. तुमच्या पॅनेलचा दोष दरम्यान कोणी दुरुस्त केला असेल, तर फाइलमधूनही ती काढा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.